दाराशी ठेवलेली पेटी

सत्याहत्तर साली घटसर्पाची साथ आली. त्या वर्षी धाकटीला औषधांच्या सरकारी गोदामात गाड्या रवाना करण्याचं काम करून सहा वर्षं झाली होती. ताई तिला चिडवायची, "तू नेमकं करतेस तरी काय गं? इकडची पेटी तिकडे!"

"तिकडची पेटी तिकडेच गेली पाहिजे, याचा पगार मिळतो मला," धाकटी म्हणायची.

त्या दिवशी सकाळी नऊला ताईचा फोन आला. तिची चार वर्षांची मुलगी शेवटच्या थांब्यावरच्या दवाखान्यात होती. गळ्यात पडदा धरला होता आणि तिथलं औषध संपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आज संध्याकाळपर्यंत मिळालं तर हातपाय मारता येतील.

औषध गोदामात होतं. धाकटीने बर्फ घालून पेटी स्वतः बांधली आणि धावत फाटकाशी आली. गाडी भरून तयार होती. शेवटच्या थांब्याचा माल नेहमीप्रमाणे सगळ्यात आत होता आणि पहिल्याचा दाराशी.

मुकादम म्हणाला, "बाई, गाडी रिकामी करू. ही पेटी आत जायला हवी."

"किती वेळ लागेल?"

"तासभर तरी."

"तासभर? माझी भाची तिथे श्वासासाठी तडफडतेय, मुकादम. ठेवा दाराशी. मी वर लाल शाईने थांब्याचं नाव लिहिलंय."

"लिहिलंय ते ठीक आहे, पण..."

"पण काय?"

मुकादम घुटमळला. ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं, हे गोदामात त्याला एकट्यालाच माहीत होतं. ड्रायव्हर कागदाकडे ऐटीत बघायचा आणि दारापासून एकेका थांब्याचा ढीग क्रमाने उतरवायचा. बारा वर्षांत त्याची एक पेटी चुकली नव्हती. आता बाईंपुढे बोललो तर बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल, असं मुकादमाला वाटलं. आपणच त्याच्या कानावर घालू म्हणून तो वळला, तोवर धाकटीने घाई करून गाडी सोडलीसुद्धा.

पहिल्या थांब्यावर दाराशी असलेल्या पेट्या उतरल्या. एक जास्त आल्याचं शिपायाच्या ध्यानात आलं. पण जास्त आलेल्याची तक्रार कोण करतं? गार पेटी आहे म्हणून त्याने वरचं नाव न बघताच ती तेवढी फ्रिजमध्ये ठेवली.

संध्याकाळी सहाला फोन वाजला.

"गाडी आली," ताई म्हणाली. "तुझी पेटी नाही."

"असेल गं. नीट बघायला सांग. दाराशीच आहे."

"गाडी रिकामी आहे. मी स्वतः आत चढून पाहिली."

धाकटीने एकेका दवाखान्यात फोन करून विचारलं. पेटी सापडली तेव्हा साडेसात झाले होते. औषध सांडलं नव्हतं, नासलं नव्हतं, चोरीला गेलं नव्हतं. ते ताईपासून सहा तासांच्या वाटेवर, पहिल्या थांब्याच्या फ्रिजमध्ये सुखरूप होतं. दुसरी गाडी निघेपर्यंत ताईचा पुन्हा फोन आला, आता घाई करू नका म्हणून.

चौकशीत ड्रायव्हरची नोकरी गेली. पुढे त्याने विटांचा ट्रक चालवला. मुकादमाने, मला माहीत होतं, असं आपणहून सांगितलं आणि वर्षभरात काम सोडलं. तो लेकाकडे राहायला गेला आणि तिकडेच वारला. धाकटी निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलाशी बसली. प्रत्येक ड्रायव्हरला थांबे तोंडी सांगायची आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. नवे लोक हसायचे, तिने हसू दिलं.

ती पेटी दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर पोचली. ते औषध ताईच्याच गल्लीतल्या एका मुलाला दिलं आणि तो वाचला. ताईने धाकटीला कधी बोल लावला नाही. पण त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर तिने धाकटीला पुन्हा कधी फोन केला नाही; काही कळवायचं असलं की पोस्टकार्ड टाकायची. तो मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न ठरलं. शेजारधर्म म्हणून ताई लग्नाला गेली, दोघांना आशीर्वाद दिला आणि न जेवता घरी आली.