बावीस पावलं

तुम्ही व्हॉल्व्हच्या झाकणावर डांबर ओतलंत, साहेब. एकदा नाही, तीनदा. वस्तीला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यानं तिन्ही वेळा झाकण मोकळं करा म्हणून अर्ज दिला होता, आणि तिन्ही वेळा पालिकेतल्या तुमच्या कारकुनानं तो त्याच्या डोळ्यांदेखत चहाच्या कपाखाली सारला.

मग एका दुपारी मोठी पाइपलाइन फुटली. चौथ्या गल्लीतल्या तळघराच्या जिन्यात पाणी भरलं. दार बाहेर उघडणारं, पाण्याच्या दाबानं हलेना. आत चावीवाल्याची थोरली बहीण, गुडघ्यांनी अधू, पलंगावर उभी. फटींतून पाणी आत येतच होतं. कुठवर आलंय, असं तिची मुलगी, चावीवाल्याची भाची, खिडकीच्या गजांतून विचारत होती. आक्का म्हणाली, "गादी भिजली. आता लोळायची सोय नाही."

तुमचा इंजिनिअर म्हणाला, नकाशात इथे व्हॉल्व्हच नाही. मुख्य टाकीवरून बंद करायला दोन तास लागतील.

नकाशात हे उपनगर कालपरवाचं, व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी आधीचा. तारेचा कारखाना आला, कामगारांच्या घरांच्या चार ओळी उठल्या, बेकरी आली. मग कारखाना गेला आणि माणसं राहिली. कारखान्यासाठी आणलेलं पाणी त्यांनी वाटून घेतलं. त्या पाण्याची चावी चाळीस वर्षं चावीवाल्याच्या हातात. व्हॉल्व्ह बेकरीच्या पायरीपासून बावीस पावलं, सरळ. बेकरीच्या जागी काचेची बँक झाली, पायरी तेवढी राहिली.

चावीवाल्यानं पावलं मोजली, पहार घातली. खाली नुसता मुरूम. पुन्हा मोजली, पुन्हा मुरूम. आजोबा, वय झालं, विसरलात, असं इंजिनिअर म्हणाला.

चावीवाला आपल्या पायांकडे बघत राहिला. आकडा बरोबर होता. पावलं आखडली होती. चपला घासत चालणारा म्हातारा तिशीतल्या गड्याचं अंतर मोजत बसला होता.

भाची बस चालवायची. अंगानं उंच, ढांगा टाकणारी. त्यानं तिला खिडकीपासून ओढून आणलं.

"चाल. ड्यूटीला उशीर झाल्यासारखी."

"मामा, पाणी आईच्या कमरेला लागलंय."

"म्हणूनच. मोज."

बाविसाव्या पावलाशी पहार लोखंडावर आदळली. डांबर फोडलं, झाकण उपसलं. त्याची जुनी लांब चावी आत बसवून दोघांनी दात-ओठ खात ती फिरवली. गंजलेला व्हॉल्व्ह कुरकुरत मिटला, पाण्याची उसळी बसली. शेजाऱ्यांनी बादल्यांनी जिना उपसला, तेव्हा कुठे दार निघालं. भाचीनं आईला पाठुंगळी घेऊन वर आणलं. आक्काचे ओठ निळे पडले होते.

आक्का चादरीत थरथरत असतानाच इंजिनिअरनं कागद पुढे केला. विनापरवाना रस्ता खोदला, खाली सही करा.

चावीवाल्यानं पेन घेतलं नाही.

"तुमची परवानगीची खिडकी आज बंद झाली, आता उद्या दहाला उघडते," तो म्हणाला. "तोवर हिला श्वास कसा धरून ठेवायला सांगणार होतात? ते आधी या कागदावर लिहा."