दिसलं तेवढंच

लिंबाखाली बसलेल्या माणसाची भाकरी खाऊन होत आली, तरी त्याचा तांब्या काही खाली उतरला नव्हता. तोंडाला फडकं बांधलेला तो पितळी तांब्या त्याने डोक्यावरच्या फांदीला अडकवला होता. पाणी प्यायला आडावर गेला तेव्हाही तो काढून खांद्याला लावला, आणि परत येऊन पुन्हा फांदीला. कडा गावच्या करोडगिरी, म्हणजे जकात नाक्यासमोर तंबाखू मळत बसलेला शहादेव हे सगळं पाहत होता. पाहणं हीच त्याची नोकरी. निजाम सरकारच्या पोलिसांतला तो खुफिया जवान. साध्या धोतर-बंडीत बसायचा, म्हणजे कुणाला कळू नये. तसं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण त्याचं मन मोडू नये म्हणून कुणी दाखवत नसे.

नाशकात गोरा कलेक्टर मारला गेला त्याला फार दिवस झाले नव्हते. इंग्रजी मुलूख कड्यापासून जवळच सुरू होई, त्यामुळे नाक्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचा हुकूम होता. सातासमुद्रापलीकडे बाँब करायला शिकलेली माणसं परत आली आहेत, ही खबर विलायतेहून मुंबईला, मुंबईहून हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंट साहेबाकडे, आणि तिथून औरंगाबाद, बीड करत कड्याला पोचली होती. वाटेतल्या प्रत्येक कचेरीने तिच्यात आपली मूठभर भर घातली. बाँबबद्दल तिच्यात मूळ एवढंच होतं, की त्याला हिसका चालत नाही. कड्याला पोचेस्तोवर तिचं असं झालं, की हे लोक आपलं भांडं जमिनीला टेकवत नाहीत, ओळख लपवायला मिशा काढतात आणि यात्रेकरूचं सोंग घेतात.

लिंबाखालच्या माणसाच्या मिशा ताज्या काढलेल्या होत्या. डोकंही तुळतुळीत होतं.

शहादेवला पाहताक्षणीच उमगलं होतं. याचा बाप नाहीतर आई गेली आहे आणि तांब्यात अस्थी आहेत. आपल्या बापाच्या अस्थी त्याने स्वतः अशाच झाडांना अडकवत गोदाकाठच्या राक्षसभुवनला नेल्या होत्या. अस्थी जमिनीवर ठेवायच्या नसतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मागच्या वर्षी एका बैराग्याबद्दल त्याने वर सांगितलं होतं, की हा निरुपद्रवी दिसतो. तो बैरागी दरोड्यातला फरारी निघाला आणि शहादेवची नोकरी जाता जाता राहिली. तेव्हा चौकीच्या अंमलदाराने, अमीनसाहेबांनी, त्याला बजावलं होतं, की दिसलं तेवढंच सांगायचं, अर्थ लावायला सरकारने वर माणसं बसवली आहेत.

म्हणून त्याने चौकीत जाऊन दिसलं तेवढंच सांगितलं. माणूस नगरकडून आला. मिशा ताज्या काढल्यात. जवळ तोंड बांधलेला तांब्या आहे आणि तो जमिनीला टेकवत नाही. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. 'अस्थी' हा शब्द जिभेवर आला होता, तो त्याने गिळला.

दोघा शिपायांनी त्या माणसाला धरून चौकीच्या अंगणात आणलं. त्याने नाव रामहरी सांगितलं, गाव केज. मुंबईच्या गिरणीत कामाला होता. आई त्याच्याकडे राहायला गेली होती, ती तिकडेच वारली.

"माय हाय माझी त्यात, साहेब," तो म्हणाला. "राक्षसभुवनला गंगेत सोडायची हाय. तिला शबूद दिलाय."

अमीन काही दुष्ट माणूस नव्हता. पण अंगणाच्या मागेच त्याची बायकापोरं राहत होती, आणि हे लोक नेमकं असंच बोलतात, असं वरून लिहून आलं होतं. तो शहादेवकडे वळला.

"तेरे को क्या मालूम है, बोल."

रामहरी आशेने बघत होता. एका शब्दाचं काम होतं.

"जे दिसलं ते सांगितलं, हुजूर," शहादेव म्हणाला.

बाँब सापडला तर तो आधी पाण्यात बुडवायचा, असाही हुकूम होता. अंगणात घोड्यांना पाणी पाजायचा हौद होता. तांब्या दोरीने त्यात सोडला. सगळ्यांना भिंतीआड उभं केलं, आणि एका शिपायाने लांब बांबूला विळा बांधून पाण्यातच फडकं कापलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. रामहरीचे हात दोघांनी धरलेले होते.

काहीच झालं नाही. हौदाच्या पाण्यावर पांढुरकी राख हळूहळू पसरली.

अमीन काठाशी आला. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने या माणसाला सोडा म्हणून सांगितलं आणि खाली मान घालून आत गेला. शिपायांनाही एकेक काम आठवलं. रामहरी हौदात उतरला. तळाशी हाडांचे तुकडे होते, ते त्याने चाचपून तांब्यात भरले. राखेसाठी उपरणं पसरलं, पण एकट्याने गाळणं जमेना. शहादेव पुढे झाला आणि त्याने दोन टोकं धरली.

"लिंबापाशी तुमीच बघत बसला व्हता ना?" रामहरीने विचारलं.

"व्हय."

"तुमाला ठावं न्हवतं, ह्यात काय हाय ते?"

"ठावं व्हतं."

"मंग बोलला कावून न्हाई?"

शहादेवच्या हातातलं कापड ढिलं पडलं. नोकरीचं नाव घ्यायचीही त्याला लाज वाटली.

"कापड ताठ धरा," रामहरी म्हणाला.

गाळून ओंजळभर राख मिळाली. बाकीची पाण्यातच राहिली. रामहरीने तांब्याचं तोंड पुन्हा बांधलं, तो खांद्याला लावला आणि बीडच्या वाटेला लागला. त्याने शिवी दिली असती, हात उगारला असता, तर शहादेवला हलकं वाटलं असतं.

दिवस मावळायच्या आत शहादेव घरी आला, पण आत गेला नाही. अंगणातल्या दगडावर बंडी काढून बसला आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. मसणवट्यातून आल्यावरच माणूस असा बाहेर बसतो. बायनाबाई दारातच थबकली.

"कोन गेलं?"

"कुनाची तरी माय," तो म्हणाला.

तिने घागर आणून त्याच्या डोक्यावर रिती केली, आणि तो उठत नाही असं बघून दुसरी भरायला गेली.