डोंगरवळणावरचा पाटीधोंडा

मित्रांनो, मी एक जुना पाटीधोंडा आहे. पाटीधोंडा म्हणजे काय, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. किहीमच्या मागे जो हिरवा डोंगर दिसतो, त्याच्या खिंडीखालच्या वळणावर दोन उभे काळे दगड आहेत आणि त्यांच्यावर एक जाड आडवी लादी आहे. तो मी. दिसायला मी काही देखणा नाही. पण माझ्या जागेवरून खालच्या माडांच्या वाड्या, त्यापुढचा समुद्र आणि त्यातले खांदेरी-उंदेरीचे किल्ले असे काही दिसते, की इतकी वर्षे बघूनही माझे मन भरलेले नाही.

पूर्वी कोळीवाड्यातल्या बायका मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन हा डोंगर चढत. पलीकडच्या गावांत मासळी देत आणि तिथून भात घेऊन परत येत. भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो. एकटीने ती जमिनीवर ठेवली, की संपलेच! एकदा कमळ नावाची कोळीण एकटीच निघाली होती, आणि ती पोटुशी होती. याच वळणावर तिला भोवळ आली. पाटी खाली ठेवावी तर पुन्हा उचलून कोण देणार? बिचारी झाडाला टेकून, डोक्यावर ओझे तसेच धरून, मागून कुणी येईपर्यंत उभी राहिली.

तिच्या नवऱ्याला, नामाला, हे कळले तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला. होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढल्या होत्या त्या दिवसांत तो चार गडी घेऊन वर आला. त्यांनी ओढ्यातून दगड वाहून आणले आणि मला उभे केले. माझे माप घ्यायला पट्टी नव्हती, कमळ होती. तिने डोक्यावर पाटी घेऊन जरासे वाकायचे आणि पाटी अलगद लादीवर सरकायला हवी, असे ते माप होते. परत निघताना खाली वाकून डोके लावायचे, की पाटी पुन्हा डोक्यावर. कुणाच्या हाताची गरज नाही.

मग काय सांगू माझा थाट! बोंबील, मांदेली, सुका जवळा, सगळ्यांची पाटी आधी माझ्यावर टेकायची. मासळीच्या पाण्याने आणि हातांच्या घासण्याने मी गुळगुळीत झालो. बायका घाम पुसत, एकमेकींची थट्टा करत, सासवांची उणीदुणी काढत. मी ऐकून घेई. इकडचे तिकडे करायला मला तोंड कुठे होते?

पुढे कमळची सून नीराबाई येऊ लागली. अंगाने बुटकी, आवाजाने मोठी. कमळच्या मापाचा मी तिला उंच पडायचो. टाचा उंचावून पाटी ठेवताना ती मला शिव्या घाली. "मेल्या, सासूच्या मापाचा हायस, मी तुला कशी पुरनार रं!" शेवटी तिने एक चपटा दगड आणून माझ्या पायाशी बसवला आणि त्यावर उभी राहून पाटी ठेवू लागली. तेव्हापासून आमचे जमले. येताना ती हटकून विचारायची, "काय रं धोंड्या, जेवलास का?"

मग डोंगराला वळसा घालून सडक झाली. पाट्या मिनीडोर रिक्षांमधून जाऊ लागल्या. बायकांच्या मानेचे ओझे उतरले, याचा मला खरोखर आनंद झाला. पण मित्रांनो, एकटेपण ते एकटेपणच. माझ्याभोवती घाणेरी माजली, वेली चढल्या. मी इथे आहे हेही लोक विसरले.

आणि एके दिवशी झाडीत कोयत्यांचा आवाज आला. जाड चाकांच्या सायकलींवरून मुलेमुली आली होती. त्यांची म्होरकी उरणची भाविका. या जुन्या वाटेवरून सायकली न्यायच्या, असे त्यांनी ठरवले होते. मला वाटले, हौस आहे, दोन दिवसांत फिटेल. पण त्यांचे काम पाहून मी थक्क झालो. त्यांनी झुडपे काढली, पण एकाही झाडाला हात लावला नाही. पावसाचे पाणी वाट धुऊन नेते, म्हणून जागोजागी आडवे दगड लावून ते उताराकडे वळवले. आणि सायकल चालवणे तरी काय! मुळांवरून, दगडांवरून, वाळल्या पानांवरून पोरे वाऱ्यासारखी खाली येत. पडत, गुडघे झाडत, पुन्हा वर चढत. त्यांच्यातली सगळ्यात धीट मुलगी होती किशोरी, आमच्या नीराबाईची नात. ती वळण घेताना माझाच श्वास अडके.

झुडपे काढताना मी त्यांच्यातल्या अल्पेशला सापडलो. माझी गुळगुळीत काळी लादी पाहून त्याने दोन्ही हात जोडले. "भाविका, इकडे ये! देव आहे इथे. बघ, तेल घालून घालून कसा चमकतोय!" ते तेल नव्हते, बोंबलाचे पाणी होते. पण सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी मला कुंकू लागले, झेंडूची माळ आली, पेढाही आला. जाता-येता सायकलींच्या घंट्या वाजू लागल्या. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले.

पण लवकरच पंचाईत झाली. येत्या रविवारी या वाटेवर मोठी सायकलफेरी होणार होती, बाहेरगावचे सायकलस्वारही येणार होते. उतारावरून वेगाने येताना मी अगदी वळणाच्या तोंडावर होतो. "कुणाचं तरी डोकं फुटेल यार. हा इथून काढायलाच पाहिजे," भाविका म्हणाली. तिचे बरोबर होते. पण देवाला पहार लावायची कुणाची छाती होईना. तेव्हा किशोरी म्हणाली, "माझ्या आजीला विचारू. ती ह्या वाटेने जायची."

किशोरीने नीराबाईला हाताला धरून, थांबत थांबत वर आणले. आपली सायकल तिने खालच्या खडकाळ चढाशीच ठेवली होती; आजीला पोचवून ती सायकल आणायला पुन्हा खाली गेली. किती वर्षांनी मी नीराबाईला पाहिले! केस पिकले होते, पण आवाज तोच.

"आजी, हा कुठला देव आहे? सांगा ना," भाविकाने विचारले.

माझा जीव त्या एका उत्तरावर टांगला होता. 'देव हाय' एवढे म्हणाली असती, तर मला कुणी हात लावला नसता. पण नीराबाई आधी माझ्याकडे बघून पोट धरून हसली.

"अगो, देव कसला! धोंडा हाय तो. आमी पाटी ठेवाचो त्याच्यावर." मग तिने माझ्या लादीवरून हात फिरवला. "पोरांच्या वाटंत येत आसंल तर काडा. मानसाच्या डोक्यापरीस धोंडा मोठा न्हाय."

मला फार वाईट वाटले. तिचा राग मात्र आला नाही. माणसांची डोकी सांभाळायलाच तर मला उभे केले होते. अल्पेशने माळ उतरवली आणि माझ्या पायाशी पहार लावली.

तेवढ्यात खालून किशोरी आली. मागे राहिलेली सायकल खांद्यावर घेऊन ती तो खडकाळ चढ चढली होती. तोंड लाल झाले होते, दोन्ही हात गुंतलेले. खाली उताराला सायकल टेकवायला जागाच नाही. "अल्पेश, थांब रे जरा," ती धापा टाकत म्हणाली आणि तिने खांदा किंचित वाकवला. सायकल अलगद माझ्या लादीवर सरकली.

किशोरीने मोकळे खांदे हलवले. नीराबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"किशोरे, तू थेट माज्या सासूएवरी उंच हायस गो."

भाविका पुढे आली. चढताना तिच्याही सायकलीची साखळी निसटली होती. तिने सायकल माझ्यावर टेकवली आणि उभ्या उभ्या साखळी बसवली. मग ती म्हणाली, "अल्पेश, पहार तिकडे ने. वळणच आतल्या बाजूने खोदूया."

संध्याकाळपर्यंत वळण हलले. रविवारी सगळे स्वार माझ्या अंगावर न येता, दोन हात आतून सुसाट उतरले. आता चढताना प्रत्येक जण माझ्यापाशी थांबतो, सायकल टेकवतो, घाम पुसतो, समुद्र बघतो. कुंकू पुसले गेले, पेढे बंद झाले. माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी या डोंगरावर या. एखादी जुनी वस्तू वाटेत आडवी आली, तर पहार लावण्याआधी आपले ओझे एकदा तिच्यावर टेकवून बघा. आणि मी तुम्हाला उंच पडलो, तर माझ्या पायाशी नीराबाईचा चपटा दगड आहे. त्यावर उभे राहा. फक्त तो तिथून हलवू नका.