दोन खाचांची पुली

“गाडीचीच पुली गाडीला बसत नाही, याला काय म्हणायचं?” बाईंनी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर चार पुल्या मांडल्या. तीन कोऱ्या, एक तडकलेली. “तीन ठिकाणांहून मागवल्या. तिन्हींवर माझ्याच गाडीचं नाव. मेकॅनिक म्हणतो, गाडी भंगारात घाला.”

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या; त्यांची जुनी गाडी मात्र परवापर्यंत नोकरीत होती.

म्हाताऱ्या दुकानदाराच्या लेकीने कॉम्प्युटरवर नंबर टाकून पाहिला. “नंबर तर बरोबर आहे, बाई. बसायलाच हवी.”

आतल्या खोलीत स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने कान टवकारले. त्याला सगळे गमतीने अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता चांगलं येत होतं, पण सुट्या भागाचं माप तो अंगठ्याने घ्यायचा आणि कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीला चालेल ते तोंडपाठ सांगायचा. चाळीस वर्षं दुकान त्या अंगठ्यावर चाललं. गेल्या महिन्यात मात्र त्याने एकाला छातीठोकपणे भलताच ब्रेक सिलिंडर दिला. मेकॅनिकच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी लेकीने काउंटरमागचं त्याचं स्टूल आत नेऊन ठेवलं. तिचं चुकलं असं म्हणायची सोय नव्हती, आणि हेच म्हाताऱ्याला जास्त लागलं होतं.

तो बाहेर आला. “जुनी बघू जरा.”

“बाबा, मी बघतेय ना.”

“बघ की. मी नुसता हात लावतो.”

तडकलेल्या पुलीच्या आतल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला आणि तो थबकला. दोन बारीक खाचा. कानशीने मारलेल्या. त्याच्याच.

“बाई, तुमच्या गाडीतला, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपच तुमच्या गाडीचा नाही. तेव्हा मिळेना, म्हणून मी दुसऱ्या गाडीचा बसवला होता, पुलीसकट. दोन खाचा म्हणजे पंप उसना. त्याच्यावर तुमची पुली कशी बसणार?”

“म्हणजे इतकी वर्षं मी उसन्यावर हिंडतेय?” बाईंना हसू आलं. “मग तो आहे कुठल्या गाडीचा?”

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. नाव अगदी ओठांवर होतं, पण बाहेर येईना. खाच मारायची सवय होती, पुढचं लिहून ठेवायची नव्हती. बायको हयात असताना वही घेऊन मागे लागायची. तो म्हणायचा, “लिहायचं कशाला? मी आहे की.”

लेक त्याच्याकडेच बघत होती. एखादं नाव ठोकून द्यावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. ब्रेक सिलिंडरच्या वेळी त्याने तेच केलं होतं.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “पण शोधतो. तुम्ही बसा.”

जुन्या मालाच्या फळ्यांपाशी जाऊन तो एकेक पुली काढू लागला. तडकलेलीवर ठेवायची, भोकं जुळतात का बघायचं, अंगठा फिरवायचा, परत जागेवर. बाईंचं अर्धं शब्दकोडं सुटलं, लेकीची दोन गिऱ्हाइकं होऊन गेली. शेवटी तो गुडघे धरत खाली बसला. अगदी खालच्या फळीवर, धुळीने माखलेल्या एका पुलीवर त्याचा अंगठा थांबला. जाडी तीच, खोबण तीच, भोकंही तीच.

“दुधाची गाडी!” तो तिथूनच ओरडला. “सकाळी बाटल्या वाजवत यायची ना, ती छोटी व्हॅन. तिचा पंप!”

सापडलेल्या पुलीवर खाच मारताना त्याची कानस घसरली. लेकीने कानस त्याच्याकडून घेतली आणि दोन खाचा मारल्या. एक जरा तिरकी गेली. त्याने अंगठा फिरवून पाहिला. “चालेल,” म्हणाला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. “बसली हो! गाडीतूनच बोलतेय. म्हणजे, उभ्या गाडीतून!”

लेकीने फोन ठेवला, आत गेली, स्टूल उचलून आणलं आणि काउंटरमागे आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं. मग एक कोरी वही काढली.

“बाबा, असं अजून कुठल्या कुठल्या गाड्यांना केलंय?”

“पुष्कळ आहेत.”

“सांगा.”

तो स्टुलावर बसला. “पहिली लिही, दुधाच्या गाडीची. मग डॉक्टरांच्या काळ्या गाडीला टॅक्सीचा क्लच. छापखानेवाल्याच्या गाडीला ट्रॅक्टरचा डायनॅमो.” लेकीचं पेन भराभर चालत होतं. “आणि ती हिरवी... त्या हिरवीला...”

मांडीवरच्या तडकलेल्या पुलीच्या कडेवरून त्याचा अंगठा फिरत राहिला.

लेकीने ‘हिरवी गाडी’ असं लिहिलं, पुढे जागा मोकळी सोडली आणि पेन हातात धरून ती तशीच बसून राहिली.