मशीनपुढं फुटलेला नारळ

सकाळी नऊला डॉ. प्रमोदिनीबाईंनी पेठ वडगावातल्या आपल्या लॅबचं शटर वर केलं, तेव्हा बाहेर पंचवीस-तीस माणसं उभी होती. एका बाईनं तर आत घुसून रक्त तपासायच्या मशीनपुढं नारळच फोडला.

"बाकी काय नगं. क्लोराईड तेवढं बगा की!"

हे खूळ मीठमहाराजांचं. ते मंतरलेल्या मिठाच्या पुड्या वाटत आणि गरजत, "रगतातलं मीठ वाढलं, की समजा बाधा बुडाली! माझ्यावर न्हाय, मशीनवर इस्वास ठेवा!" पुराव्याला मठात संयोगिता नावाच्या पोरीचा रिपोर्ट टांगलेला. क्लोराईड शंभराच्या आसपास हवं, ते एकशे अडतीस. खाली सही प्रमोदिनीबाईंची. त्यांनी तीनदा तपासलं होतं. आकडा हलेना, तेव्हा कंटाळून सही करून टाकली होती. वीस वर्षं गंडेदोरे, अंगारे बघून त्यांचा वाद घालायचा जीवच उरला नव्हता.

आज संयोगिताही आली होती, सासूच्या खांद्यावर भार टाकून. तोंडभर पुटकुळ्या, जीभ जड, चालताना तोल जात होता.

"आधी किंचाळायची, भांडी फेकायची," सासू चिमणाबाई कौतुकानं म्हणाल्या. "आता बगा, कशी गप झालीया!"

रिपोर्ट आला. सोडियम एकशे एकोणचाळीस, क्लोराईड एकशे शेहेचाळीस. बाई खुर्चीत सरळ झाल्या. रक्तात सोडियमसारखे धन आणि क्लोराईडसारखे ऋण भार समान असावे लागतात. इथं एकटं क्लोराईडच सोडियमला मागं टाकत होतं. जिवंत माणसात असं होत नाही. म्हणजे मशीन भलत्याच कशाला तरी क्लोराईड समजत होतं.

"मावशी, पुडी द्या."

"महाराजांनी दुसऱ्याला दावू नगं म्हटलंय."

"पोरगी जगायला पाहिजे ना?"

शेजारच्या हायस्कुलातून सिल्व्हर नायट्रेट आणलं. दोन थेंब साध्या मिठाच्या पाण्यात टाकले, पांढराशुभ्र साका. पुडीच्या पाण्यात टाकले, साका पिवळट.

"हे ब्रोमाईड आहे," बाई म्हणाल्या. "जुन्या काळचं गुंगीचं औषध. मशीनला ते क्लोराईडसारखंच दिसतं. भूत बुडालं नाही, पोरीचा मेंदू बुडत चाललाय."

बाईंनी लगेच लॅब बंद केली. ते कळताच दुपारी महाराज स्वतः आले. "डॉक्टरीणबाई, मशीन तुमचं, सही तुमची!"

"हो, चूक माझीच. तेव्हाच हिशेब करायला हवा होता. आता या लोकांकडच्या दहा पुड्या माझ्यासमोर खा."

"आज... उपास हाय माझा."

"मिठाचा?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज गाडीकडं वळले, ते त्या गावात परत दिसले नाहीत.

संयोगिताला कोल्हापूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. दहाव्या दिवशी तिची जीभ मोकळी झाली आणि तिनं हंबरडा फोडला. चिमणाबाई घाबरून लॅबवर आल्या.

"परत बाधा आली ओ!"

"बाधा नव्हतीच, मावशी. दवाखान्यातून कळलं मला, त्या किंचाळण्याआधी पोटातलं पोर गेलं होतं ना तिचं? रडू द्या तिला. जवळ बसा." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि पुढं कुणी पुडी दिली, तर आधी विचारा, यात काय आहे? सांगत नसेल तर घेऊ नका. मी दिली तरी विचारा."