कवठटेकडीची पाणवाट

वाशिम जिल्ह्यात माझी स्वतःची बोट आहे असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "पानी कोठी हाये?" सुकेशनी अशा माणसाशी वाद घालत नसे. आसेगावच्या पलीकडच्या धरणावर नेऊन त्याला काठावर उभं करी. तिथं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. समोर पाणीच पाणी, पलीकडचा काठ म्हणजे नुसती निळी रेघ, आणि मधे पाच टेकड्या गळ्यापर्यंत बुडून उभ्या. धरण भरलं तेव्हा शेतं खाली गेली, गावं उठून दुसरीकडे गेली, टेकड्यांना मात्र कुणी हलवू शकलं नाही. त्यांची बेटं झाली.

चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्यावर बायका तीर्थाला जातात, नातवंडं सांभाळतात. सुकेशनीनं फायबरची जुनी बोट घेतली. "सिस्टरचं डोकं फिरलं" असं सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं, आणि एकमत झालं की आपल्याकडे विषय संपतो. तिला बोट शिकवली मदनसिंगनं. तो तांड्यावरचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री, पण जीव सगळा पाण्यात. त्याच्यासारखे हौशी आणखी दोघं होते. सुकेशनी धरून चार बोटी झाल्या.

दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी हे बोटीवाले पाचही बेटं फिरत आणि शेवटच्या बेटावर, कवठटेकडीवर, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून खात. त्याला मदनसिंगनं घालून दिलेला एक नियम होता. चौथ्या बेटापासून पुढं सगळ्यात नवी बोट पुढं चालणार. तिनं वाट काढायची, बाकीच्यांनी मागून यायचं. बोट रुतली आणि आपल्या बांबूनं सुटली, तर एकदा माफ. दुसऱ्यांदा रुतली की सगळ्यांनी माघारी फिरायचं, त्या वर्षी कवठटेकडी नाही. कारण त्या पट्ट्यात जुन्या झाडांची खोडं पाण्याखाली दबा धरून बसलेली, आणि दुपारी वारा सुटला की लाटा बोट नेमकी त्यांच्यावर नेऊन आपटतात.

यंदा नवी बोट सुकेशनीची. आणि तिच्या बोटीत, दोरीनं बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, तिची माय गंगू बसली होती.

गंगूचं वय त्र्याऐंशी. कवठटेकडीच्या पायथ्याचं गाव तिचं माहेर. गाव उठलं त्याला पन्नास वर्षं झाली, त्यानंतर तिथं तिचं पाऊल पडलं नव्हतं. दिवाळीत तिच्या छातीत दुखलं, अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी सुकेशनीला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिला सांगायची गरज नव्हती. तिनंच आयुष्यभर लोकांना बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं. यंदाची संक्रांत निघेल, त्यापुढची धरून चालू नका. घरी आल्यावर गंगू एवढंच म्हणाली, "मले एकदा कवठटेकडीवर पाय ठेवाचा हाये. तुह्याच बोटीनं." तेव्हा काय ते याच वर्षी व्हायचं होतं.

पहिली चार बेटं दुपारच्या आत झाली. बगळबेटावर पांढरा शुभ्र थवा उठला आणि आभाळभर झाला. सीताफळी नावाच्या बेटावर चहा झाला. दोन बेटांच्या मधे एका जागी मोटर बंद केली, तर इतकी शांतता की सुकेशनीला स्वतःचा श्वास ऐकू आला. आपल्या खाली कुणाचं तरी कपाशीचं वावर आहे आणि आपण पाखराच्या उंचीवरून चाललोय, हे मनात आलं की तिच्या अंगावर काटा यायचा. वर्ष झालं तरी तो येणं थांबलं नव्हतं. गंगू मात्र एकाही बेटावर उतरली नाही. "मी माह्या जागीच उतरीन," म्हणायची.

चौथ्या बेटाशी मदनसिंगनं आपली बोट जवळ आणली.

"सिस्टर, औंदा पानी लय उतरलं. खोडं वर आली हायेत. जमन का? नाई तर इथीच रोडगे लावू."

"जमन," सुकेशनी म्हणाली. मग मायकडे वळली. "माय, तुले म्हाईत असन. गावाची वाट कोठून व्हती?"

गंगूनं क्षणभरही विचार केला नाही. "थो पयस दिसते ना, तठून सरय गाडीवाट. पार टेकडीपावतर."

सुकेशनीनं पळसाच्या वठलेल्या शेंड्यापासून बोट सरळ घातली. शंभरेक हात गेली असेल, तोच खालून खर्रर्र आवाज आला, बोट थरथरली आणि थांबली. हात बुडवला तर खाली मुरूम लागला.

मागून मदनसिंगनं कपाळावर हात मारला. "गाडीवाट! अवं, गाडीवाट उंचावरून काढतेत, चाक रुतू नोये मनून! आपन सारे वावरातले मानसं, एकाच्याबी ध्यानात नाई आलं!"

खरंच होतं ते. जन्मभर जमिनीवर चाललेल्या माणसानं वाट म्हटली की कोरडी, टणक, उंच. पाण्यातली वाट उलटी असते हे कुणाच्या लक्षात यावं? सुकेशनीनं बांबू रोवला, सगळं अंग टाकून रेटला. तिसऱ्या रेट्याला बोट सुटली. एक माफी संपली होती, आणि पश्चिमेकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली.

"माय, मंग खोल कोठी व्हतं?"

गंगूनं मागच्या बोटींकडे पाहिलं, मदनसिंगची बायको बेबीबाई त्याच्या बोटीत होती तिच्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला.

"नाला," ती हळूच म्हणाली.

"तुले त्याची वाट म्हाईत हाये?"

"गाडीवाटीवरून आमी कवा चाललो, सुके? आमी नाल्यानंच चालो. गावातली हीर आमच्यासाठी नोती. नाल्यात वाळू उकरून झिरा करो, पानी झिरपे, थे घेऊन येवो. त्या नाल्याचा गोटा न् गोटा म्हाईत हाये मले."

मायनं सुकेशनीला माहेरचं कवठाचं झाड सांगितलं होतं, टेकडीवरची करवंदं सांगितली होती. झिरा साठ वर्षांत एकदाही सांगितला नव्हता. घराघरांतल्या गोष्टी पोटात ठेवणारी ही सिस्टर, आणि स्वतःच्या मायची एवढी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तिला मायचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

"सांग," ती म्हणाली. "मी चालवतो."

गंगूनं डोळे मिटले.

"माय! डोये उघड ना."

"मिटू दे व. उघडले की पानी मधात येते."

मग तिचं बोट हलायला लागलं. डावीकडे. आता सरळ. आता वळण. "इथी खडक हाये, धुनं धुवाचा, जरा बाजूनं घे. इथी जांभूय व्हती." आणि खरोखर, उजव्या हाताला जांभळीचं काळं खोड पाण्यातून वर आलेलं. चारही बोटी एकामागं एक, मोटरी मंद केलेल्या. दोन्ही बाजूंना खोडांची रांग, आणि मधून ही रुंद, मोकळी पाणवाट वळत वळत चाललेली. रिसोडचा औषधवाला वीरेंद्र मागच्या बोटीतून खोली सांगणारं आपलं यंत्र वाचत होता. "नऊ फूट... चौदा... अठरा!" पुढं त्याचा आवाज बारीक होत गेला, देवळात होतो तसा. एक म्हातारी डोळे मिटून सत्तर वर्षांपूर्वीच्या नाल्यातून चालत होती आणि चार बोटी तिच्या पावलावर पाऊल टाकत होत्या.

"थांब," गंगू म्हणाली. सुकेशनीनं मोटर बंद केली. "इथी व्हता झिरा."

"बावीस फूट," वीरेंद्र म्हणाला.

गंगूनं डोळे उघडले आणि पाण्याकडे पाहत राहिली. "एक घागर भराले सकायपासून दुपार व्हये. मी आन् माही बहीन पायीपायीनं, एक उठली की दुसरी, बसो. वाटीनं भरो. वाटी पुरी बुडेबी नाई."

तेवढ्यात टेकडीच्या काठावरची करडी जमीन हलली. जमीन कसली, ती थंडीत उत्तरेकडून येणारी हजारेक बदकं होती. सगळी एकदम उठली. पंखांचा असा आवाज झाला की बोटीसुद्धा थरथरल्या. मदनसिंगनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तसाच उभा राहिला. सुकेशनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

कवठटेकडीला तिच्या बोटीचं नाक पहिल्यांदा टेकलं. तिनं मायला दोन्ही हातांनी धरून उतरवलं. घोट्याएवढ्या पाण्यात, माहेरच्या मातीवर, गंगू उभी राहिली. टेकडीकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. दम लागला होता, पण चेहरा असा की सुकेशनीनं तो पूर्वी कधी पाहिला नव्हता.

बेबीबाई पाण्याची सीलबंद बाटली घेऊन लगबगीनं आली. "आजी, घ्या, घोटभर पानी घ्या."

गंगूनं बाटली हातानं बाजूला केली. ती सावकाश वाकली, ओंजळ भरली आणि प्याली. मग दुसरी ओंजळ भरली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

चौतीस वर्षं गावोगाव "पाणी उकळून प्या" सांगत हिंडलेली सुकेशनी मायशेजारी वाकली आणि प्याली. गार होतं, थोडं मातकट.

बेबीबाईनं बाटली काठावर ठेवली, ओढणी मागं टाकली आणि तीही त्यांच्याशेजारी पाण्यावर ओणवी झाली.