प्लास्टिकमधली चिठ्ठी

“मूलबाळ हवंय का एवढ्यात?”

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी असं चारचौघांत विचारलं, तेव्हा तिची कानशिलं तापली.

“का हो?”

“या फिटच्या गोळ्या आहेत. दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. आणि तुझी ही चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची आहे.”

“सहा वर्षांत एकदाही फिट आलेली नाही,” असं ठसक्यात सांगून तिनं पाकीट उचललं. घरी नवऱ्याला म्हणाली, “एक सासू कमी होती म्हणून आता औषधाच्या दुकानातही भेटते!” नवरा हसला. चार महिने दोघं बाळाची वाट बघत होती. शेजारणीपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी विचारून विचारून जीव नकोसा केला होता, त्यात ही आणखी एक.

ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. तिथं तिचा दरारा होता. पुढच्याच आठवड्यात एका मुलीनं नाव न लिहिलेली बाटली हुंगायला नाकाशी नेली.

“आत काय आहे ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही!” ती कडाडली, आणि तिला स्वतःच्याच गोळ्या आठवल्या.

मधल्या सुट्टीत तिनं पर्समधल्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद पहिल्यांदाच उलगडला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. भिंग धरून वाचलं : गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो. तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

शाळा सुटल्यावर ती तडक दुकानात गेली. “या परत घ्या. आजपासून बंद.”

बाई काउंटरमागून बाहेरच आल्या. “खुळी आहेस का? मनानं बंद केल्यास तर फिट येईल. रस्ता ओलांडताना आली म्हणजे? आजची घेतलीस?”

“नाही.”

“घ्यायची वेळ?”

“हीच.”

“मग घे माझ्यासमोर.” बाईंनी स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. “आणि दिवस राहिलेत का, ते आधी तपास. नसतील, तर डॉक्टर सांगेपर्यंत राहू द्यायचे नाहीत. नवऱ्याला सांगशील, की मी येऊ सांगायला?”

रडता रडता तिला हसू फुटलं. तोवर बाईंनी फोन करून तिला डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ मिळवूनही दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिची चिठ्ठी उलटीपालटी केली. “हिला प्लास्टिकमध्ये कुणी घातलं?”

“बाबांनी. घडीवर फाटत होती म्हणून.”

“माया हो! पण सहा वर्षांत कुणाला तिच्यावर एक अक्षर खोडता आलं नाही.”

तपासणीत दिवस राहिलेले नव्हते. दर महिन्याला याच उत्तरानं ती उशीत तोंड खुपसायची. त्या दिवशी मात्र तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरून सुस्कारा सोडला. मग जुनी गोळी हळूहळू उतरवली, दुसरी हळूहळू चढवली, जोडीला फॉलिक ॲसिड. “धोका शून्य नाही, पण खूप कमी,” डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. सात महिने थांबायला लागलं. नंतर पोटुशी असतानाचा प्रत्येक दिवस तिनं जीव मुठीत धरून काढला.

लेक पाच महिन्यांची झाली, तेव्हा तिला घेऊन ती दुकानात गेली. पोरीनं बाईंचा चष्माच ओढला.

“अगं बया! कुणाची गं तू?” बाईंना पोरीची आई आठवेना. हिनं सगळं सांगितलं. बाई ओशाळल्या. “मी काय केलं? चिठ्ठी वाचली, एवढंच,” म्हणत त्या पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

असे उपकार फेडायचे तरी कसे? घरी येऊन तिनं नणंदेला फोन लावला. नणंदेचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि फिटच्या काही गोळ्या डोकेदुखीवरही देतात, हे हिला डॉक्टरीणबाईंकडून कळलं होतं. “वन्सं, डोकेदुखीवर तुम्ही रोज कुठली गोळी घेता हो?”

तुमच्याही माहितीत अशी कुणीतरी असेल, बाळाची वाट बघणारी आणि वर्षानुवर्षं तीच गोळी घेणारी. तिला आजच विचारा. रागावली तर रागावू दे. गोळी बंद कर म्हणू नका. डॉक्टरांकडे चल म्हणा, आणि सोबत जा.